चिठ्ठीवरचं नाव

दवाखान्याच्या तपासणीला गेलं की पथकातले लोक आधी भिंतीकडं बघतात. भिंतीवर पदवीची फ्रेम असते, शेजारी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचं नोंदणी प्रमाणपत्र असतं. त्यावरचा नंबर आणि नूतनीकरणाची तारीख वहीत उतरवून घेतली की निम्मं काम झालं, असं समजायची पद्धत आहे. माझी नजर मात्र हळूहळू टेबलाकडं वळत गेली. टेबलावर चिठ्ठ्यांचं पॅड आहे का, त्यावर नाव कोणाचं छापलंय, आणि आत्ता जो पेशंट बाहेर पडला त्याच्या हातात काही लिहिलेला कागद आहे का, एवढं पाहिलं तरी त्या दवाखान्याबद्दल बरंच कळतं.

मी बीएएमएस. शिक्षण नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात झालं आणि नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत. आधी किनवट-माहूरच्या बाजूला, पुढं लग्नानंतर लातूर जिल्ह्यात, उदगीर-देवणीच्या पट्ट्यात. बोगस डॉक्टर शोधायला राज्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या आहेत. त्यांची पथकं तालुक्यात निघाली की तहसील, पंचायत समिती आणि पोलिसांच्या जोडीला आरोग्य खात्याचं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी पुष्कळदा मी असायचे. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा या कामात जे दिसलं ते मोकळेपणानं मांडावंसं वाटतं.

आमचा सगळा कारभार चालतो तो १९६१च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमावर. राज्य नवं होतं. पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आलेला मराठवाडा, तिन्हीकडं वैद्य-हकिमांबद्दल एकच नियम असावा म्हणून तो आला. त्याचं कलम ३३ अगदी सरळ आहे. आयुर्वेद-युनानीच्या, होमिओपॅथीच्या किंवा ॲलोपॅथीच्या नोंदवहीत ज्याचं नाव नाही, त्यानं या राज्यात कुठल्याही पद्धतीची वैद्यकी करायची नाही. पहिल्याच गुन्ह्याला किमान दोन वर्षांची सक्तमजुरी आहे. ‘कुठल्याही पद्धतीची’ म्हणताना त्यात सलाईन लावणारा तोतया येतो, हाडं बसवणारा म्हातारा येतो आणि रानातून मुळ्या खणून बाजारात मांडणारा भटक्या वैदू समाजाचा माणूसही येतो. कायद्याच्या लेखी तिघं सारखेच. माझ्या अनुभवात तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

किनवटच्या केंद्रात मी एकटीच डॉक्टर होते. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. आजही सागवानाच्या जंगलातल्या पाड्यांवर गोंडी, कोलामी ऐकू येते आणि बाजारात तेलुगू चालते. बाळंतपण, हगवण, ताप, सर्पदंश, जे येईल ते मीच बघायचं. माझी पदवी आयुर्वेदाची, हातात सिरिंज आणि कपाटात प्रतिजैविकं. पुण्या-मुंबईचे डॉक्टर यावर नाक मुरडतात हे मला ठाऊक होतं. पण त्यालाही कायद्याचा आधार होता. १९९२ आणि १९९९च्या अधिसूचनांनी राज्यानं आमच्यासारख्या नोंदणीकृत वैद्यांना आधुनिक औषधं वापरायची मुभा दिली, तीही ‘जेवढं प्रशिक्षण मिळालं तेवढ्यापुरती’. १९९८मध्ये मुख्तियार चंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा अधिकार राज्यांच्या हातात आहे असं म्हटलं होतं. ‘तेवढ्यापुरती’ म्हणजे नेमकी किती, हे अधिसूचनेत औषधांची नावं घालून लिहिलेलं नव्हतं. ती रेघ मी माझ्यापुरती आखली. इंटर्नशिपमध्ये जे मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हातानं केलंय ते करायचं, बाकीचं पुढं पाठवायचं. आणि पाठवताना काय दिलं, किती वाजता दिलं, हे लिहून द्यायचं. ॲम्ब्युलन्स उशिरा येई, रस्ता खराब असे, पण चिठ्ठी आधी पोचली पाहिजे हा माझा हट्ट असायचा.

सर्पदंशाचे पेशंट तिथं उशिरा यायचे, कारण आधी मांत्रिकाकडं नेलेलं असायचं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं त्यानं गुन्हा ठरवलं. या कायद्याची एक गोष्ट मला फार आवडली. तो माणसाला ‘तू कोण’ असं विचारत नाही, ‘तू काय केलंस’ असं विचारतो. पूजा कर, अंगारा लाव, पण पेशंटला दवाखान्यात जाऊ दे. गावात हे समजावून सांगायला सोपं गेलं. काही मांत्रिक तर पुढं स्वतःच गाडी करून पेशंट पाठवायला लागले. कलम ३३ समजावून सांगायला मला असं कधीच जमलं नाही.

त्याचं कारण लातूरकडच्या एका बाजारगावात नीट कळलं. पथक शिरलं तेव्हा दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पंचविशीतला एक मुलगा खुर्चीवर बसला होता. भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र, अस्सल, नंबर जुळणारं. पण फोटोतला माणूस साठीचा. “सर बाहेरगावी गेलेत,” असं मुलगा म्हणाला. पडद्यामागं तीन खाटा होत्या. खिळ्यांना सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या, त्यातल्या एकीत बी-कॉम्प्लेक्स सोडून पाणी लाल केलेलं. अशक्तपणा आला की लाल सलाईन लावा, असं आमच्याकडं लोक मागूनच घेतात. खिडकीच्या फळीवर डेक्सा या स्टेरॉइडच्या आणि डायक्लो या वेदनाशामकाच्या इंजेक्शनच्या रिकाम्या काचेच्या नळ्या पडल्या होत्या. केसपेपर नव्हता, पॅड नव्हतं, कशाचीच नोंद नव्हती. ‘सर’ दुसऱ्या जिल्ह्यात राहायचे आणि महिन्याला भाडं घ्यायचे. प्रमाणपत्र भाड्यानं देणं हा प्रकार आमच्याकडं नवा नाही.

खाटेवरची बाई सलाईन चालू असतानाच उठून बसली. “मॅडम, ह्याला नेलाव तर रात्रीला आमी कुणाकडं जावं?” तिच्या प्रश्नाला माझ्याकडं त्या क्षणी उत्तर नव्हतं, कारण जवळच्या सरकारी केंद्रात रात्री डॉक्टर मिळेलच याची हमी मी देऊ शकत नव्हते. पंचनाम्यावर सही करायला गावातलं कुणी तयार होईना. असे खटले पुढं कसे जातात तेही पाहिलं आहे. साक्षीदार फितूर होतात, औषधं ‘माझी नव्हती’ होतात, आणि प्रमाणपत्राचा मालक म्हणतो की मी फक्त जेवायला गेलो होतो. आपल्याकडं नुसता दवाखाना काढायला जागेची वेगळी नोंदणी लागत नाही. खाटा टाकून पेशंट ठेवले की १९४९चा नर्सिंग होम कायदा लागू होतो. म्हणून खाटा पडद्यामागं असतात आणि पथक आलं की घडी होऊन उभ्या राहतात. तो मुलगा काही महिन्यांनी दुसऱ्या गावात बसायला लागल्याचं कळलं.

याच भागात एक हाडवैद्य होते. घराण्यात तीन पिढ्यांची विद्या. हातानं चाचपून हाड कुठं सरकलंय ते ओळखायचं, बांबूच्या कामट्या लावायच्या, अंड्याच्या पांढऱ्या बलकात भिजवलेली पट्टी गुंडाळायची. पैसे मागायचे नाहीत, जो देईल तो नारळ घ्यायचा. माझं आणि हाडवैद्यांचं जुनं वैर. कोपराचं हाड मोडलेल्या लहान पोरांना घट्ट पट्टी बांधली की आत रक्त अडतं, स्नायू मरतात आणि हाताचा कायमचा वाकडा पंजा होतो, असे हात मी किनवटला पाहिले होते. म्हणून या आजोबांना मी पहिलाच प्रश्न विचारला की पोरांच्या कोपराला हात लावता का. ते म्हणाले, “बोटं गार पडली, निळी दिसायली, का हाड कातड्याभाईर आलं, तर मी हात लावत न्हाई बाई. सरळ लातूरला धाडतो. पोराचं कोपर तर बांधल्यावर दोन घंटे हितंच बसवून घेतो.” दोन तास बसवून बोटं बघत राहणं, नेमकं हेच आम्हाला पुस्तकात शिकवलेलं होतं.

केंद्राच्या पातळीवर भारतीय गुणवत्ता परिषदेनं अशा पारंपरिक उपचार करणाऱ्यांसाठी ऐच्छिक प्रमाणन योजना आणली आहे, त्यात हाडं बसवणारेही येतात. चांगली गोष्ट आहे. पण ते प्रमाणपत्र म्हणजे परवाना नाही. त्यानं कलम ३३ टळत नाही. आजोबांना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं की मग त्या कागदाचा उपयोग काय. मला त्यांचं पटलं.

अवघड जातं ते काविळीच्या औषधवाल्यांबद्दल बोलणं, कारण त्यांच्यावर सुशिक्षितांचाही विश्वास असतो. देवडांगरीच्या फळाचं पाणी नाकात सोडतात. नाकाच्या आतल्या त्वचेची आग होते आणि पिवळं पाणी वाहायला लागतं. पेशंटला वाटतं कावीळ बाहेर पडली. खरं तर ते नाकानं स्वतःच्या बचावासाठी सोडलेलं पाणी असतं. दूषित पाण्यातून होणारी बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळं औषधवाल्याचं यश पक्कंच. घात होतो तो दोन ठिकाणी. कावीळ पित्तनळीतल्या खड्यामुळं किंवा गाठीमुळं असते तेव्हा मधले आठवडे फुकट जातात. आणि बाई गरोदर असते तेव्हा. हेपॅटायटिस ई हा विषाणू गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईचा जीव घेऊ शकतो, हे ज्यानं एकदा पाहिलं त्याला विसरता येत नाही. आमच्या आशाताईंना मी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावली होती. नाकातलं औषध घेऊ नका म्हणून भांडत बसू नका, पण गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी गाडी.

आणि पुडी. गुडघेदुखीची पुडी, दम्याची पुडी, वाताची पुडी. हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्यांकडं मिळते, गावोगावच्या फेरीवाल्यांकडंही मिळते. एक आजी आल्या, सुनेनं हाताला धरून आणलेल्या. चेहरा गोल सुजलेला, हातपाय काटकुळे, दंडावर नुसतं धरलं तरी निळे डाग उठणारे, साखर चढलेली. “पुडीनं गुडघं चांगलं राहिलं हुतं, मग पुडी संपली अन् उठताच येईना,” असं आजी म्हणाल्या. सुनेकडं शेवटची एक पुडी उरली होती, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. मी ती पांढऱ्या कागदावर पसरली. तपकिरी चूर्ण, सुंठीचा वास, आणि मधूनमधून कुटलेल्या गोळीचे पांढरे कण. माझ्याकडं प्रयोगशाळा नव्हती, पण आजींचं शरीर सगळं सांगत होतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तयार करायचं सोडून देतं. ते एकदम बंद झालं की रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. त्यांना लातूरला पाठवलं, तिथं डोस हळूहळू उतरवत नेला. पुडीवाल्याच्या तंबूची जागा शोधत गेलो तर तिथं फक्त खुंट्यांची भोकं होती.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पुडी देणं हाच काही गुन्हा नाही. औषधं बनवायला परवाना लागतो, पण वैद्य-हकीम स्वतःच्या पेशंटसाठी स्वतः औषध बनवत असेल तर औषध कायद्यानं त्याला त्या परवान्यातून सूट दिली आहे. ही सूट मला फार मोलाची वाटते. मी स्वतः अविपत्तिकर चूर्ण घरी कुटलेलं आहे. पण दिलेल्या प्रत्येक पुडीबरोबर त्यात काय आहे, किती आहे आणि देणारी कोण, हे कागदावर असायचं. उद्या ती बाई दुसऱ्या डॉक्टरकडं बेशुद्ध अवस्थेत गेली तर त्याला माझी चिठ्ठी वाचता आली पाहिजे. माझ्या मते नोंदणीचा सगळा अर्थ एवढाच आहे. पदवी महत्त्वाचीच, पण ज्याला आपण दिलेलं लिहून द्यायचं नाही, त्याची पदवी पेशंटच्या काय कामाची?

उदगीरला नोकरी करताना सीमेचा घोळ रोज दिसायचा. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. हैदराबाद राज्य फुटलं आणि एकाच वैद्याचे शिष्य तीन राज्यांच्या तीन कायद्यांखाली गेले. बिदरकडं कर्नाटकाचा जो नोंदणीचा कायदा आहे त्याच्या नावातच आयुर्वेदाबरोबर निसर्गोपचार आणि योगही आहेत. आपल्या १९६१च्या कायद्यात आयुर्वेद आणि युनानी आहे, निसर्गोपचार नाही. ज्या महाराष्ट्रात गांधीजींनी १९४६मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम काढला आणि जिथं पुण्यात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, तिथं ही स्थिती. ॲक्युपंक्चरला २०१५चा स्वतंत्र कायदा मिळाला. २०२०च्या कायद्यानं केंद्रानं भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी नवा आयोग केला, त्यातही योग-निसर्गोपचार बाहेरच राहिले.

याचा परिणाम असा की कर्नाटकात साडेपाच वर्षं घालवून निसर्गोपचार-योगाची बीएनवायएस पदवी घेतलेली आमच्या ओळखीतली मुलगी आणि आठवड्याच्या शिबिराचं प्रमाणपत्र मिळवलेला माणूस, दोघांच्या पाट्या आमच्या गावात सारख्याच दिसतात. ‘निसर्गोपचार तज्ज्ञ’. ती मुलगी पेशंटचं इन्सुलिन कधी बंद करणार नाही. दुसऱ्या एकानं मंगल कार्यालयातल्या शिबिरात ते बंद करायला सांगितलं होतं, तेही लहानपणापासून मधुमेह असलेल्या मुलाला, ज्याच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. तिसऱ्या दिवशी मुलगा धापा टाकत आला, तोंडाला फळासारखा गोडसर वास. लातूरला नेलं, वाचला. ‘शुगर मुळापासून बरी’ असा फलक शिबिराच्या दाराशी होता. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्यानं बंदी आहे. फलक उतरवला गेला. पण मुलाला तोंडी काय सांगितलं होतं याचा एक शब्दही कुठं लिहिलेला नव्हता.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा कोर्स करून आधुनिक औषधं लिहू द्यावीत का, यावर २०१४ पासून भांडण चालू आहे, २०२५मध्ये ते पुन्हा पेटलं. दोन्ही बाजूंचं मी वाचते. सगळा वाद नाव कुठल्या नोंदवहीत असावं याचा आहे. खेड्यातल्या पेशंटच्या हातात चिठ्ठी पडते की नाही, हे त्यात कुणी विचारत नाही.

निवृत्तीच्या आधी त्या हाडवैद्य आजोबांशी मी एक गोष्ट बोलले होते. पेशंट पुढं पाठवताना लिहून देत जा. त्यांना लिहिता येत नव्हतं, नातू लातूरला नीटच्या क्लासला होता, सुट्टीत गावी यायचा. त्यानं वहीचा कागद फाडून लिहायला सुरुवात केली. पुढं अशीच एक चिठ्ठी एका अस्थिरोगतज्ज्ञांनी मला दाखवली. ‘सकाळी ८ला बांधलं. १०ला बोटं गार. लगेच सोडलं. १०.१५ला धाडलं.’ वर पोराचं नाव, खाली कुणाचंच नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त किती वेळ अडलं होतं हे मला या कागदावरून कळलं, म्हणून थांबून बघायचं की लगेच ऑपरेशनला घ्यायचं हे ठरवता आलं. पोराच्या बापाला त्यांनी विचारलं, कुणी लिहिलं हे? बाप म्हणाला, माहीत नाही.

त्यानं तसं का म्हटलं ते उघड आहे. ती चिठ्ठी म्हणजे कलम ३३खाली आजोबांविरुद्धचा लेखी पुरावा होता. तिकडं बाजारगावातला तो मुलगा एक अक्षर लिहीत नाही, म्हणून अडकत नाही.

मी वरिष्ठांना याबद्दल लेखी कळवलं होतं, आताही जिथं बोलायची संधी मिळते तिथं बोलते. हाडवैद्य, सुईणी आणि वैदू यांची तालुक्यात एक वेगळी यादी करा. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे त्यांच्याशी बसून ठरवा. सुई, सलाईन आणि गोळी यांना पूर्ण बंदी ठेवा. आणि सूट द्यायची अट अशी घाला की जो पेशंट हाताखालून जाईल त्याला तारीख, वेळ, काय केलं आणि करणाऱ्याचं नाव असलेला कागद मिळालाच पाहिजे. तीच अट नोंदणीकृत डॉक्टरांच्या दवाखान्यालाही लावा. भिंतीवरची फ्रेम तपासताना पथकानं बाहेर बसलेल्या दोन पेशंटच्या चिठ्ठ्या मागून घ्याव्यात, आणि चिठ्ठीवरचं नाव फ्रेममधल्या नावाशी ताडून बघावं.